हातांची उमेदवारी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दिल्लीतील मराठी माणसाच्या कपाळी एक काम लिहिलेले असते. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना कुतुबमिनार, लाल किल्ला आणि हुमायूनची कबर दाखवून आणणे. आम्ही लोदी कॉलनीत राहत होतो तेव्हा ही कबर किती वेळा पाहिली याची गणती नाही. खऱ्या अर्थाने मात्र ती पाहिली २०१२ च्या हिवाळ्यात, पाहुण्यांवाचून.

त्याचे असे झाले. गावी आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. त्याच्या चुन्याच्या भिंतीचा गिलावा सुटू लागला, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने त्यावर सिमेंट थापले. चार पावसाळ्यांत भिंत आतून ओलावली आणि आतल्या विटा भुसभुशीत होऊन गळू लागल्या. चुन्याची भिंत ओल घेते तशी ती सोडतेही. सिमेंटने आम्ही तिचे तोंडच बांधले होते. चूक उमगल्यावर चुना जाणणाऱ्या गवंड्याचा शोध सुरू केला. जुना गवंडी निवर्तला होता आणि त्याचा मुलगा साताऱ्यात रिक्षा चालवीत होता. त्याला दोष कसा द्यावा? बापाच्या विद्येला गेली वीस वर्षे कोणी गिऱ्हाईकच नव्हते, आणि त्या न आलेल्या गिऱ्हाइकांत आम्हीही होतोच.

अशा मनःस्थितीत आम्ही हुमायूनच्या कबरीपाशी गेलो. तेथेही आमचाच अपराध, पण बादशाही प्रमाणावर घडलेला! विसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली छतावर काँक्रीटचे थरावर थर चढविले गेले होते. आगाखान सांस्कृतिक न्यासाने २००७ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आदी शासकीय संस्थांबरोबर करार करून जे काम हाती घेतले, त्यात हे सुमारे दहा लाख किलो काँक्रीट उतरविण्यात आले. त्या जागी पुन्हा चुना आला. हा चुना पोत्यातून काढून लागलीच वापरता येत नाही. तो विरवावा लागतो, मुरवावा लागतो, आणि त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे जिन्नस पडतात. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात शोभावी अशी ही यादी ऐकून आम्हांस हसू आले. मग आपल्याच अज्ञानाची लाज वाटली.

परंतु खरी गोष्ट रंगीत फरशांची. छतावरील छत्र्यांवर एके काळी निळ्या, मोरचुदी झिलईच्या फरशा होत्या. त्या घडविण्याची विद्या दिल्लीतून पार लोपली होती. म्हणून उझबेकिस्तानातून उस्ताद कारागीर आणविले गेले, आणि त्यांच्या हाताखाली शिकावयास बसविले ते शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतील तरुणांना. चौदाव्या शतकातील दर्ग्याभोवती वसलेली ही बस्ती अतिशय दाट, आणि बहुतांश घरांत कमाई हातातोंडाशी पोचेल एवढीच. या तरुणांपुढे माती नव्हती, गारगोटीची बारीक पूड होती. तिचा गोळा बनवायचा, थापायचा, वर झिलई चढवायची आणि भट्टीत घालायचे. आच जरा इकडेतिकडे झाली की निळ्याचा राखी होतो. जुन्या फरशांशी रंग, रूप आणि रासायनिक गुण जुळेपर्यंत प्रयोगात वर्षे गेली. झिलई उडालेल्या मूळ फरशा तशाच जागेवर ठेवल्या. नव्या बसविल्या त्या फक्त रिकाम्या जागी.

एका मुलाशी आम्ही बोललो. वय विशीच्या आतबाहेर, नखांत पांढरी पूड. तो म्हणाला, “साहेब, लहानपणी या भिंतीवर अडकलेला पतंग काढायला चढायचो, तर चौकीदार हाकलून द्यायचा. आत पाऊल टाकले ते कामावर आलो तेव्हाच.” एवढे बोलून तो पुन्हा फरशीकडे वळला. आमच्या पदाचे त्याला काडीइतकेही कौतुक नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्याच बस्तीत ‘इन्शा-ए-नूर’ या नावाने स्त्रिया भरतकाम करतात आणि मोगल जाळ्यांचे नमुने कागदात कातरतात. त्याबद्दल आमच्या सौभाग्यवती अधिक अधिकाराने बोलतील.

आता थोडे कटू बोलतो. सेवेतील आमच्या एका नेमणुकीत अशाच एका प्रशिक्षण वर्गाची फाइल आमच्या मेजावर होती. दगडकामाचा वर्ग, बारा मुले, उस्ताद उत्तम. विद्यावेतन मात्र पाच महिने उशिरा निघाले. शेरे आमचेही होते. ‘पुनश्च सादर करावे’ हे शब्द आम्हीच दोनदा लिहिले. पैसे निघाले तेव्हा वर्गात तीन मुले उरली होती. बाकीची मंडईत हमालीला गेली होती, कारण तेथे संध्याकाळी रोकडा मिळतो. गरिबाच्या मुलास कलेची गोडी नसते असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

२०२३ साली पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र ती योजना अठरा परंपरागत व्यवसायांत आधीच हाताने काम करणाऱ्यांसाठी आखलेली. ज्याच्या बापाने कधी छिन्नी धरली नाही आणि ज्याला ती धरावीशी वाटते, त्याच्यासाठी आठवड्याभराचा मूलभूत वर्ग कसा पुरावा? त्याला वर्षा-दोन वर्षांची उमेदवारी हवी आणि तेवढा काळ घरात चूल पेटती राहावयास हवी.

म्हणून मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवतो. आपल्या शिक्षणनिधीच्या नियमात ‘मान्यताप्राप्त महाविद्यालयातील विद्यार्थी’ असे शब्द आहेत. त्यांपुढे ‘अथवा कुशल कारागिराकडे उमेदवारी करणारा तरुण वा तरुणी’ एवढी भर घालावी, आणि दरमहा ठरल्या तारखेस पैसे द्यावेत. पहिली दोन मुले मराठी नसली तरी आमची हरकत नाही. ज्या शहराने आपणांस अन्न दिले त्या शहराची ती असतील. काही सभासदांना हे मंडळाच्या उद्दिष्टाबाहेरचे वाटेल. त्यांनी सर्वसाधारण सभेत अवश्य विरोध करावा. आम्ही उत्तर देऊ. अर्जाचा नमुना तयार करून कार्यवाहांकडे दिला आहे. त्यात गुणांचा रकाना ठेवलेला नाही. उस्तादाच्या सहीची जागा ठेवली आहे, आणि त्याला लिहिता येत नसेल तर अंगठ्याची.