बिबट्या आहे म्हणून



डिसेंबरात आम्ही पुण्याच्या नऊ जणी उत्तराखंडात केदारकंठाला जाऊन आलो. उंची सुमारे साडेबारा हजार फूट. सरावासाठी दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढलो. घरोघरी प्रश्न मात्र एकच : "सोबत पुरुष कोण आहे?"

सांक्रीहून निघालो तसे दोन झुपकेदार भोटिया कुत्रे आपणहून सोबत आले. बर्फात पुढे जाऊन ते थांबत, आमची शेवटची बाई दिसली की पुन्हा चालू लागत. एकाच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा होता. बिबट्या गळा धरतो, म्हणून मेंढपाळ तो घालतात.

मी थबकले. समुपदेशनाला येणाऱ्या मुली सांगतात, "बाहेर धोका आहे म्हणून घरात बसवलं." घरातल्या धोक्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. इथे बिबट्या खरा होता. तरी कुत्र्याला कुणी खुंट्याला बांधलं नव्हतं, बाहेर पडायची तयारी करून दिली होती.

पुण्याची कृष्णा पाटील २००९ साली, १९ व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचली. धोका तिच्याही वाटेवर होताच. आपण मुलींना काय देतो : खुंटा की तयारी?

येत्या डिसेंबरात पुन्हा जातोय. नावं द्या.