कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली कोणाकडे?

(वालावल येथे विहाराच्या वर्धापनदिनी पालकांसमोर केलेले भाषण)



आम्ही मुंबईत गिरणीत साच्यावर उमेदीची वर्षे काढली. शाळा नववीत सुटली. तेव्हा कॉम्प्युटरवर हा गिरणीवाला काय बोलणार, असे वाटेल. पण नवा साचा आला आणि तेलपाणी करणारा नसला, तर त्याचे भंगार होते, एवढे आम्हाला कळते.

एका शाळेत कंपनीने दिलेले कॉम्प्युटर आम्ही पाहिले. नारळ फुटला, फोटो निघाले. पावसाळ्यात दमट हवेने दोन बंद पडले. दुरुस्ती कोणी करायची, हे कागदावर नव्हतेच. खोलीला कुलूप, आणि किल्ली विचारली की एकमेकांकडे बोट!

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला लावायचे आहेत, त्यात शिक्षण येते. 2023 साली राज्य शासनाने दत्तक शाळा योजना काढली. पाच किंवा दहा वर्षे शाळा दत्तक घ्यायची आणि हवे तर शाळेला देणगीदाराचे नावही द्यायचे. नावाचे आम्हाला पटत नाही. उद्या पोरांच्या शाळेवर साबणाचे नाव यायचे! पण मदत घेण्यात कमीपणा नाही. बाबासाहेब 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवरच अमेरिकेला गेले, आणि बदल्यात दहा वर्षे नोकरीचा करार होता. मदतीला करार असतोच, तो वाचून सही करावी.

ही सही आपल्याला बघता येते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक, आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. आपण मात्र सभेला जात नाही. वीजबिल कोण भरणार, दुरुस्ती किती वर्षे, शिक्षकांना कोण शिकवणार, मुलांची नावे-फोटो कंपनी कुठे वापरणार, हे विचारायला इंग्रजी लागत नाही.

आता घरचे. 2020 च्या टाळेबंदीत घरात फोन एकच, तोही आमच्या खिशात. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, माका अभ्यास करूचो आसा.’’ आम्ही ओरडलो, खेळायला मागते म्हणून. तिचा तास बुडाला. पुढे तिच्याच शेजारी बसून शिकलो. ‘‘असा नाय दाबूचा,’’ म्हणून तिने आमचे बोट बाजूला केले. ओटीपी कोणाला सांगायचा नाही, हेही तिनेच सांगितले. रोज अर्धा तास पोराजवळ बसा आणि काय चाललंय ते त्यालाच विचारा.

समितीच्या पुढच्या सभेला आम्ही जाणार आहोत. सोबत कोण येता, ते चहाच्या वेळी सांगा. जयभीम!