वारसा आणि बोजा

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण कापूस-ज्वारीची माणसे. तरीही आज आम्ही पेण-रोह्याची, धो धो पावसाच्या आणि भाताच्या मुलखाची गोष्ट काढतो आहोत. कारण असे की बैठकांतून एक वाद पुन्हा पुन्हा उठतो आणि तो सोडवण्याऐवजी आपण चहा मागवतो.

एक बाजू म्हणते, तुम्ही वरच्या जातीचे, जमीनवाले; पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याला राबवलेत, तेव्हा तुम्ही दोषी. दुसरी म्हणते, आजोबांचे आजोबांबरोबर गेले. आम्ही कुणाचे काही घेतलेले नाही, उलट आमच्याच कापसाला भाव नाही. टाळ्या दोन्हीकडे पडतात.

रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा. तिथे खोती होती. खोत सरकारात सारा भरायचा, कुळाकडून पिकाचा वाटा घ्यायचा, वर वेठ. पेणहून अलिबागला जाताना पोयनाड लागते, त्याच्याजवळ चरी गाव आहे. 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असे ठरवले, आणि तो संप 1939 पर्यंत चालवला. भातावर ज्याचे पोट त्याने इतके पावसाळे नांगर न धरणे म्हणजे काय, हे दुष्काळ पाहिलेल्यांना सांगायला नको. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कायदा व्हायला 1949 उजाडले. कूळकायदाही आला, पुढे 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन आला, कुळे मालक झाली. रास्तच झाले.

आता त्याच पेण-रोह्याच्या डोंगरकडेला चला. तिथे कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकरी म्हणजे खैराचा कात काढणारा. जंगल सरकारचे झाले, कात गेला. आता दिवाळी सरली की उचल घेऊन घरदार वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाला परत येते. परत येते ते कुठे? पुष्कळ वाड्यांखालची जमीन सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावाने आहे. झोपडी पणजोबापासून तिथेच, कागद मात्र नाही. मुंबई जवळ, जमिनीचे भाव चढले, की कुंपण पडते. कुंपण घालणारा दर वेळी खोतच असतो असे नाही. कधी तो खोताशी भांडून जमीन मिळवलेल्या कुळाचा नातू असतो.

त्याला दोषी म्हणायचे? आम्ही म्हणणार नाही. दोष रक्तातून येतो ही तर जातीचीच शिकवण. तिच्याविरुद्ध बोलताना तीच कशाला वापरायची? पण जमीन वारसाने येते, आणि जमिनीबरोबर काय येते हे शेतकऱ्याला वकिलाइतकेच कळते. सातबाऱ्यावर वारस लागला म्हणून सोसायटीचा बोजा उतरत नाही. बापाचे कर्ज वारसाने फेडायचे ते मिळालेल्या इस्टेटीपुरते. त्यापलीकडे त्याच्या अंगाला हात लागत नाही. आमचा हिशेब एवढाच आहे. आणि इस्टेट म्हणजे फक्त एकर-गुंठे धरू नका. तलाठ्याकडे आपल्याला खुर्ची मिळते आणि कातकरी दाराबाहेर उभा राहतो, ती खुर्चीही वारशातलीच.

जातीवरून माणूस काय करील हेही सांगता येत नाही. त्याच जिल्ह्यातले महाड घ्या. 1927 मध्ये चवदार तळ्याच्या वेळी नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरबानाना टिपणीस, परिषदेसाठी खपले अनंतराव चित्रे, दोघेही कायस्थ. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मणाने. आणि 20 मार्चला परिषदेच्या माणसांवर काठ्या चालवणारेही स्पृश्यच होते. टिपणीसांच्या हातात नगरपालिका होती, तिचे वजन त्यांनी तळे खुले करण्याच्या बाजूने टाकले. आपल्या जातीबद्दल त्यांना मनात काय वाटत होते, याची चौकशी करायची आम्हाला गरज वाटत नाही.

आता आपल्या घरी. महाराष्ट्रात सरकारने आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती तीनच: कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. यवतमाळात कोलामांचे पोड कापसाच्या वावराला लागून असते. आणि पाडव्याला सालगड्याचे साल ठरते तेव्हा आकडा कोण बोलतो? सरकारपुढे कापसाचा उत्पादनखर्च मांडताना आपण मजुरी पूर्ण धरतो. हातावर ठेवताना तीच धरतो का?

"भावच नाही तर देऊ कुठून?" असे कुणी म्हणेल. खरे आहे, आणि भावासाठीच आपली लढाई आहे. पण मजुराच्या घराखालच्या दोन गुंठ्यांना कापसाचा भाव लागत नाही. त्याला मालकाची सही लागते, तहसीलदारापुढे "हरकत नाही" असा जबाब लागतो. हे काम जात करणार नाही आणि संघटनाही करणार नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्यालाच ते करावे लागेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने यादी आणावी: कुणाचे घर कुणाच्या गटात आहे. सुरुवात कार्यकर्त्यांच्या गटांपासून करावी, आणि यादी करताना पोडावरची, वस्तीवरची दोन माणसे बरोबर घ्यावीत.