चौकची लोकल बंद दारांची हवी



पनवेल आणि कर्जत यांच्या मध्ये, खालापूर तालुक्यात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आमचं चौक गाव आहे. वर इर्शाळगड, शेजारी मोरबे धरण. त्या धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं. त्याच नवी मुंबईत कामाला जाणारी आमची माणसं मात्र एसटीने नाहीतर रिक्षाने आधी पनवेल किंवा कर्जत गाठतात आणि मग लोकल पकडतात. चौकला स्टेशन आहे, रूळ आहेत. पण तो एकेरी मार्ग मालगाड्यांचा आणि काही लांब पल्ल्याच्या गाड्यांचा. लोकलसाठी मुंबई रेल्वे विकास महामंडळाने वेगळा दुहेरी मार्ग हाती घेतला. लांबी २९.६ किलोमीटर. स्थानकं पाच: पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत. बोगदे तीन, आणि त्यांतला वावर्ल्याचा बोगदा २,६२५ मीटरचा, म्हणजे पारसिकच्या जवळपास दुप्पट.

गावात या मार्गाचा विषय निघाला की बोलणं जमिनीच्या भावावर, नव्या इमारतींवर आणि वाचणाऱ्या वेळेवर जातं. मला आज बोलायचं आहे ते त्या रुळांवरून येणाऱ्या डब्यांबद्दल.

डबा मजबूत असला म्हणजे माणूस वाचतो, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. वेग दुप्पट झाला की धावत्या गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि गाडी आदळली की ती ऊर्जा कुठेतरी जिरावीच लागते. डबा सगळीकडून सारखाच ताठ असेल तर तो धक्का आतल्या माणसांवर येतो, नाहीतर एक डबा दुसऱ्यावर चढतो. म्हणून नव्या रचनेत डब्याची टोकं, जिथे प्रवासी बसत नाहीत असा भाग, ठरवून चेपला जाईल असा करतात आणि मधला प्रवाशांचा भाग ताठ ठेवतात. टोकांना दातेरी पट्ट्या बसवतात. टक्कर झालीच तर त्या एकमेकींत अडकतात आणि डबा वर चढत नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ ग्लेनडेल इथे जानेवारी २००५ मध्ये उपनगरी गाडी रुळांवर सोडलेल्या मोटारीवर आदळली आणि अकरा माणसं गेली. त्यानंतर तिथल्या मेट्रोलिंक सेवेने दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई रोटेमकडून चेपणाऱ्या टोकांचे डबे घेतले. २०१० पासून ते धावू लागले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ऑक्सनार्डजवळ अशीच गाडी रुळांवरच्या ट्रकला धडकली. डबे रुळांवरून उतरले, पण प्रवासी वाचले. चालक मात्र काही दिवसांनी दगावला. सर्वांत पुढे बसणाऱ्या माणसाच्या संरक्षणाचा विचार यात सर्वांत अवघड असतो. आपल्या लोकलमध्ये काचेमागे मोटरमन आणि त्याच्या पाठीमागे लगेच प्रवासी, हे इथे आठवावं.

आपल्याकडेही गाड्यांचे अपघात झाले आहेत. ४ मे २०१४ रोजी दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोहा यांच्या दरम्यान घसरली आणि किमान अठरा माणसांचा जीव गेला. २८ जून २०१५ला चर्चगेटला लोकल थांबायची तिथे थांबली नाही. शेवटचा अडसर मोडून पहिला डबा फलाटावर चढला. रविवार होता, गर्दी नव्हती, म्हणून काही जण जखमी होण्यावर निभावलं. सोमवारची सकाळ असती तर काय झालं असतं, हा विचारही नको वाटतो.

तरीही अशा घटना मुंबईत क्वचित घडतात, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. मोटरमनचा हात हँडलवरून सुटला की ब्रेक लागतो. लाल सिग्नल ओलांडला तर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा मुंबईच्या लोकलमध्ये कित्येक वर्षांपासून आहे. गाडी गाडीवर आदळू नये याची व्यवस्था बरीच झाली. आपली माणसं मरतात ती दुसऱ्याच कारणाने.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. त्यांतली जवळपास निम्मी रूळ ओलांडताना. पण धावत्या गाडीतून पडून जाणारेही शेकड्यांनी असतात. बारा डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी साडेचार हजारांपर्यंत माणसं भरतात, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा जण उभे. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या. एक कसाऱ्याकडे चाललेली, दुसरी कर्जतहून आलेली. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली. ती एकमेकांवर घासली, खाली पडली. त्या दिवशी चार जणांचे प्राण गेले. डब्यांना ओरखडा नव्हता. त्या डब्यांचं पोलाद कितीही उत्तम असतं, टोकं कितीही शहाणपणाने चेपली असती, तरी त्या चौघांना उपयोग नव्हता. त्यांना हवं होतं ते बंद दार.

बंद दारांची लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ला आली, मध्य रेल्वेच्या ठाणे-पनवेल मार्गावर जानेवारी २०२० मध्ये. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) ३ आणि ३अ या टप्प्यांत अशा २३८ वातानुकूलित गाड्या घेण्याचं ठरलं आहे. आमचा मार्ग तिसऱ्याच टप्प्यातला. मुंब्र्यानंतर रेल्वेने साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं: दारांना हवेसाठी झडपा, छतातून वारा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट. हा तिसरा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण दाराशी दाटलेली गर्दी त्यामुळे मधल्या डब्यांकडे सरकू शकते.

बंद दाराला त्याची जोखीमही आहे. वावर्ल्याच्या बोगद्यात वीज गेली, गाडी थांबली, तर आतल्या माणसांना हवा हवी, उजेड हवा आणि दार हाताने उघडायचं कुठून हे ठाऊक हवं. ते मराठीत, डोळ्यांसमोर, प्रत्येक दाराशी लिहिलेलं असावं. शाळेतल्या मुलांनाही ते शिकवावं.

आणि मग तिकीट. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलचं एकेरी तिकीट निम्म्याने उतरवलं, ते चांगलं झालं. पण रोज जाणारा माणूस पासावर जातो. सुरक्षित डबा महागड्या पासाच्या मागे ठेवला, तर पनवेलला गोदामात किंवा घरकामाला जाणारी बाई उघड्या दाराच्याच गाडीत चढणार. दार बंद असणं ही चैनीची वस्तू नाही. साध्या तिकिटावर ते मिळालंच पाहिजे.

जुन्या मार्गांवर हे बदल अवघड आहेत, मला कळतं. तिथे तीन-तीन मिनिटांनी गाडी आहे, दार मिटायला लागणारे काही सेकंदही जड जातात, आणि पिढ्यानपिढ्या दारात उभं राहायची सवय आहे. चौकला ती सवय अजून लागलेली नाही. इथला फलाट नवा, प्रवासी नवे. इतर मार्गांवरून निवृत्त होत आलेले उघड्या दारांचे रेक इकडे वळवू नयेत, एवढी काळजी सुरुवातीलाच घ्यायला हवी.

मात्र दार मिटायचं तर आत उभं राहायला जागा लागते, आणि जागा फेऱ्यांवर अवलंबून असते. तासाला एक गाडी दिली, तर दार कितीही नवं असो, दोन माणसं पाय अडकवून ते उघडं ठेवतील, कारण पुढच्या गाडीची वाट बघत कामावरची हजेरी बुडवणं त्यांना परवडणार नाही. म्हणून सकाळी सहा ते नऊ या वेळात चौकला किती लोकल थांबणार, हे वेळापत्रक ठरण्याआधी चौक, चिखले, मोहोपे इथल्या ग्रामपंचायतींनी आणि प्रवासी संघटनांनी रेल्वेला लेखी विचारावं आणि उत्तरही लेखीच मागावं.