तहकूब सभेचे राज्य

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे सत्तेचे चार खांब त्यांना अभिप्रेत होते. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावाचा खांब निदान कागदावर तरी उभा राहिला. प्रत्यक्षात तो कशावर उभा आहे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

महाराष्ट्रातील नियम पाहा. वर्षातून किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत आणि त्यापूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे. गणपूर्तीसाठी शेकडा 15 मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. म्हणजे दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे जमली तरी सभा कायदेशीर ठरते. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही! मग पाचदहा माणसे पंचायतीच्या कचेरीत बसतात, सह्यांची वही घरोघर फिरते आणि घरकुलांच्या यादीला, रोजगार हमीच्या कामांना गावाने संमती दिल्याची नोंद होते. कायदा कोणी मोडला असे सहसा सिद्ध करता येत नाही. लोकांचे राज्य मात्र तहकूब झालेले असते.

यावर ‘लोकच उदासीन आहेत’ असे म्हणण्याची प्रथा आहे. मला ते मान्य नाही. हरिनाम सप्ताहासाठी, जत्रेसाठी हेच लोक वर्गणी काढतात, पंगती उठवतात आणि पैपैचा हिशेब मागतात. ग्रामसभेकडे ते पाठ फिरवतात, याचे कारण भीती आणि अनुभव यांत आहे. ज्याच्या बांधावर उद्या कामाला जायचे, त्याच्या तोंडावर आज हिशेब कसा मागावा? शेतमजूर बाईने एका दिवसाची मजुरी बुडवून सभेला यावे आणि तिचा शब्द इतिवृत्तात येऊ नये, असे दोनदा घडले की तिसऱ्यांदा ती येत नाही. एकटा नागरिक दुबळा असतो. सभेच्या आधी दहाजणी एकत्र बसल्या, यादी वाचली आणि कोणी काय विचारायचे हे ठरवले, तर त्याच बाईचा आवाज निघतो. स्थानिक संघटनेचे काम ते हेच.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा आदिवासी गावाचे उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार त्याने प्रत्यक्षात आणला. परंतु 2006 च्या वनहक्क कायद्याने मेंढा घडवले, असे समजणे चूक ठरेल. कायदा येण्यापूर्वी कित्येक वर्षे ते गाव अभ्यासगटात बसून चर्चा करीत होते आणि सर्वसहमतीने निर्णय घेत होते. कायदा आला तेव्हा तो हाती घेणारी संघटना तेथे तयार होती. इतर शेकडो गावांत कायदा तोच होता, संघटना नव्हती.

शहरांची स्थिती निराळी नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्या आल्या, पण त्यांत सामान्य रहिवाशाला कितीसे स्थान आहे? मार्च 2022 मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. एवढे मोठे शहर आपल्या प्रतिनिधींविना राहिले आणि वस्त्यावस्त्यांतून मोठा उठाव झाला नाही. वस्तीपातळीवरील संघटना क्षीण झाल्याचेच हे लक्षण होय.

येथे आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. 1972 मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांचे पक्ष वेगळे होते, समिती एक होती. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने 1974 मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. समाजवादी पक्ष फुटले, विलीन झाले, नावे बदलली. भाकर चालू राहिली, कारण ती हमालांची होती. याउलट अनेक ठिकाणी आपण महिला मंडळ काढले ते निवडणुकीपुरते, वाचनालय काढले ते फलकापुरते. पक्षात फूट पडली की संस्थेतही फूट पडली. लोकांनी कष्टाने उभे केलेले आपण आपल्या भांडणात मोडले, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून माझे सांगणे थोडे आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने एका गावात किंवा एका वस्तीत एक संस्था उभी राहण्यास साहाय्य करावे. ती सभासदांच्या वर्गणीवर चालावी, कारण अनुदानावर जगणाऱ्या संस्थेला अनुदान देणाऱ्याला प्रश्न विचारणे जड जाते. तिचा हिशेब दरमहा उघड्यावर वाचला जावा. ग्रामसभेच्या आधी तिने विषयपत्रिका समजून घ्यावी, माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा वापरून कागद मिळवावेत आणि सभेनंतर इतिवृत्त तपासावे. तिचे अध्यक्षपद आपण घेऊ नये.

ती संस्था उद्या आपल्या पक्षाच्या सरपंचालाही हिशेब विचारील. त्या दिवशी तिच्यावर रागावू नका. आपले काम सफळ झाल्याची तीच खूण असेल.