गाडीवानाची भाषा

ऑस्ट्रेलियात बैलांचे जथे हाकणाऱ्याला बोलीत ‘बुलॉकी’ म्हणत. तोंडाळ माणसाला आजही तिथे त्याचीच उपमा देतात. मराठीने मात्र कामागणिक नाव दिले: गाडी हाकणारा गाडीवान, धुरेवर बसणारा धुरकरी, औत हाकणारा औत्या, मोट हाकणारा मोटकरी. इथे लहरीपुऱ्यात त्यांच्या शेजारी गुजराती ‘गाडाखेडू’ही येऊन बसतो.

राज्यकारभारालाही आपण ‘राज्याचा गाडा’ म्हणतो. त्या गाड्याचे शब्द सयाजीराव महाराजांच्या वडोदऱ्याने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या बहुभाषिक कोशात नोंदवून ठेवले. खऱ्या गाड्याचे शब्द असे भाग्यवान नव्हते. जू, शिवळ, जुपणी, कासरा, वेसण यांपैकी किती शब्द आज आपल्या विद्यार्थ्यांना उलगडतात?

वस्तू गेली की शब्द जाणारच, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मोट गेली, म्हणून मोटेवरची गाणी वाचायची थांबली नाहीत. ती समजायची थांबली. म्हणून विद्यार्थ्यांना विनंती आहे: घरात कोणी बैल हाकले असतील, तर त्यांचे शब्द अर्थासह आणि त्यांच्याच वाक्यात उतरवून घ्या. कोशात अर्थ मिळेल. हाक त्या वाक्यातच ऐकू येईल.