क्रमांक कुणाचा, ओझे कुणावर?

(गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात पहाडगंज येथे केलेले भाषण)



सत्कारमूर्तींचे मनःपूर्वक अभिनंदन! ९५ टक्के, ९७ टक्के ऐकून आमच्या पिढीला अजूनही धडकीच भरते. मी निवृत्त गणित शिक्षक. आज मात्र अशा परीक्षेविषयी बोलणार आहे, जिची गुणपत्रिका एकाही मुलाच्या हाती पडत नाही.

तिचे नाव 'पिसा'. 'ओईसीडी' ही आंतरराष्ट्रीय संघटना २००० सालापासून ती घेते. प्रत्येक देशातून १५ वर्षांची काही मुले नमुन्यादाखल निवडतात आणि वाचन, गणित, विज्ञान तपासतात. तिचा एक नमुना प्रश्न पाहा. दोन पिझ्झे, जाडी सारखीच. एक ३० सेंटिमीटर व्यासाचा, किंमत ३०. दुसरा ४० सेंटिमीटरचा, किंमत ४०. कोणता परवडेल? मी पिझ्झ्याच्या जागी पुरणपोळी घालून हाच प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या मुलांना विचारला. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र सर्वांना पाठ होते. तरी पहिला प्रतिप्रश्न आला, "सर, हा कोणत्या धड्यातला?" (मोठी पोळी घ्यावी. पैसे सव्वापटीहून थोडे जास्त, पोळी मात्र पावणेदोन पट!)

२००९ च्या फेरीला जोडून आपल्याकडून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. २०११ च्या अखेरीस निकाल लागला. ७४ सहभागींत दोन्ही राज्ये अगदी तळाशी. प्रश्न आपल्या परिस्थितीला धरून नव्हते, असे म्हणून आपण पुढच्या फेऱ्यांतून बाहेर राहिलो. ती तक्रार सर्वस्वी खोटी नसेल. पण पुरणपोळीचे काय? २०१९ मध्ये चंदीगड, केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांच्यासह पुन्हा उतरायचे ठरले. करोनामुळे ती फेरी २०२२ वर गेली, आणि तीत भारत नव्हता. याउलट जर्मनी २००१ च्या निकालात सरासरीखाली आला, तेव्हा तिथे मोठी खळबळ माजली. पण त्यांनी देशभरासाठी शैक्षणिक मानके ठरवली, दिवसभराच्या शाळा वाढवल्या.

वरचा क्रमांक म्हणजे स्वर्ग, असेही नाही. दक्षिण कोरिया नेहमी वरच्या रांगेत; पण सोलमध्ये खासगी शिकवण्या रात्री १० ला बंद करा, असा नियम करावा लागला. विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याची चाचणी चालू असताना तिथे विमानांची उड्डाणेही थांबवतात.

पालकहो, पिसाचा क्रमांक शाळा, अभ्यासक्रम आणि सरकार यांचा असतो. आपल्याकडे यंत्रणेची ही उणीव मूल भरून काढते: सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, रात्री टेस्ट सिरीज. आणि ८२ टक्के मिळवलेले मूल आज या सभागृहात आलेलेच नाही.

म्हणून कार्यकारिणीला विनंती. टक्केवारीचे चषक जरूर द्या. पण पुढील वर्षी उत्सवातली एक दुपार अशा पुरणपोळीच्या प्रश्नांसाठी ठेवा. गुण नकोत, क्रमांक नकोत, सर्व मुलांना प्रवेश. प्रश्न काढायला मी आहे. पोळ्यांचे महिला मंडळाने पाहावे.